नकाशा लाल झाला की पैसे: गुरांच्या सरकारी मदतीचं हे गणित तुम्हाला पटतं का?

वाळूटेकडी

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही नेब्रास्काच्या पश्चिम भागात, सँडहिल्समध्ये राहतो. नवरा इथल्या लहानशा हॉस्पिटलात डॉक्टर आणि मी एका टॅक्सवाल्याच्या ऑफिसात कागद लावायला. सँडहिल्स म्हणजे वाळूच्या टेकड्या, टेकड्यांवर गवत, गवतावर गुरं आणि मैलोनमैल माणसाचा पत्ता नाही. अंदाज यावा म्हणून सांगते: इथली चेरी काउंटी आपल्या नाशिक जिल्ह्याएवढी आहे आणि तिच्यात माणसं राहतात साडेपाच हजारांच्या आसपास. (आमची काउंटी ती नव्हे. नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे मराठी येणारे आम्ही दोघंच असलो तरी भाषांतराचं ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.)

तर मुद्दा. शेतीची सरकारी मदत कोणाला किती मिळाली याची यादी इथे इंटरनेटवर उघड असते. परवा हॉस्पिटलातल्या एका नर्सने मला फोनवर दाखवलं, "बघ, तुझ्या शेजाऱ्याचा आकडा." आकडा चांगला घसघशीत होता. आणि हा शेजारी म्हणजे ‘सरकारने माझ्या तारेच्या पलीकडे राहावं’ असं दर रविवारी ऐकवणारा माणूस.

मिळाले ते २०२२ च्या दुष्काळाचे. योजनेचं नाव लांबलचक आहे, मराठीत चराई-नुकसान मदत म्हणू. गंमत अशी की यात कोणी कुरण बघायला येत नाही. दर गुरुवारी सकाळी देशाचा दुष्काळाचा नकाशा निघतो. पिवळा, फिकट तपकिरी, केशरी, लाल आणि शेवटी वाळलेल्या रक्तासारखा. चराईच्या हंगामात काउंटीवर केशरी रंग सलग आठ आठवडे टिकला की एका महिन्याच्या चाऱ्याचे पैसे. लाल एकदा जरी आला तरी तीन महिन्यांचे. गडद लाल महिनाभर राहिला तर पाच महिन्यांचे. महिन्याचे पैसे म्हणजे चाऱ्याच्या ठरवलेल्या खर्चाच्या साठ टक्के, दर जनावरामागे. (हे तेव्हाचं. २०२५ च्या कायद्याने आठाचे चार आठवडे झाले.) आणि तो रंग काउंटीच्या कुठल्याही कोपऱ्यात असला तरी चालतो. म्हणजे नांदगाव कोरडं पडलं की इगतपुरीलाही पैसे!

आता माझी अडचण. माझे बाबा नाशिक जिल्ह्यात तलाठी होते. गारपीट झाली की बाबा, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर उभे राहून पंचनामा करायचे, आणि मी लहानपणी त्यांच्या मोटरसायकलवर पुढे टाकीवर बसून जायचे. नुकसान डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पैसा नाही, हे माझ्या हाडात मुरलंय. आणि त्या जुलैत माझ्या शेजाऱ्याच्या कुरणावर दोन चांगल्या सरी पडल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितल्यात. नकाशा मात्र लाल. पैसे जमा.

तुम्हाला काय वाटतं? भरपाई नुकसान बघून द्यावी की नकाशा बघून?

चहाबाज

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचेन.

खडूस_सदाशिव

म्हणजे भांडवलशाहीच्या माहेरघरी गाईला सरकारी चारा, आणि आपल्याकडे कांद्याला दोन रुपये दिले की अर्थतज्ज्ञ गळा काढणार. चालू द्या.

सीनाकाठ

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. नकाशा बघून द्या. डोळे झाकून नकाशा बघून द्या. पंचनामा काय असतो ते तुम्ही टाकीवर बसून बघितलंय, मी बांधावर उभा राहून बघितलंय.

सप्टेंबर २०२५ ला सीना नदीला पूर आला तेव्हाची गोष्ट. गावाचं नाव राहू दे. माझ्या दावणीला सात जनावरं. रात्री दोनला पाणी गव्हाणीला लागलं. नायलॉनची दावी भिजली की गाठ सुटत नाही, घट्ट होते. विळ्यानं कापत सुटलो. पाच कापली, तोवर पाणी छातीला. भावानं मागनं बकोट धरून ओढला म्हणून हे लिहितोय. राहिल्या दोन. त्यातली एक दुसऱ्या वेताची, सात महिन्यांची गाभण. कापलेल्या पाचातली तीन सकाळी गावठाणावर सापडली. दोन नाहीत. म्हणजे गेल्या चार.

तीन दिवसांनी पंचनामा. दावणीच्या दोन जागेवरच मेल्या होत्या, त्या दिसत होत्या, त्यांचं झालं. वाहून गेलेल्या दोघींचं काय? "जनावर दाखवा." म्हटलं, असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? "बरं, टॅग नंबर सांगा." म्हटलं, टॅग कानात, कान भीमेत.

आलेला माणूस वाईट नव्हता. सकाळपासून चिखलातनं चाळीस घरं करून आला होता, आमच्या हिच्या हातचा चहा उभ्यानंच प्याला. पण त्याच्या फॉर्मात वाहून गेलेल्या गाईला रकाना नव्हता. शेवटी कृत्रिम रेतनाच्या पावत्या कामाला आल्या. त्यावर टॅग नंबर असतो. पावत्या पत्र्याच्या पेटीत, पेटी माळ्यावर. भिजली नाही म्हणून दोन गाई कागदावर जिवंत झाल्या, मग मेल्या.

साडेसदतीस हजार एका गाईला. गाय घेतली होती पंच्याण्णवला.

डॉ_गोठा

@सीनाकाठ, वाचून वाईट वाटलं. मी पशुसंवर्धनात तीस वर्षं काढली, आता निवृत्त. दोन्ही बाजू सांगतो.

दर आधी स्पष्ट करतो, नाहीतर इथे कोणी काहीही आकडे टाकेल. केंद्राचे आपत्ती निधीचे निकष २०२२ पासूनचे असे: दुधाळ गाय-म्हैस ३७,५००, ओढकामाचा बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००, कोंबडी १०० रुपये. त्याआधी दुधाळ जनावराला तीस हजार होते. मोठी दुधाळ जनावरं एका कुटुंबाला तीनच, अशी अट होती. ती अट ऑक्टोबर २०२५ च्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजमध्ये राज्याने काढली. म्हणजे सीनाकाठ यांची चौथी गाय मोजली जायला हवी. मोजली का?

आता दुसरी बाजू. पंचनामा कडक का झाला ते ऐका. मी नोकरीत असताना एका पुरात एकच मेलेली म्हैस तीन घरांच्या फोटोत पाहिली आहे. एका फोटोत डावी कूस, दुसऱ्यात उजवी, तिसऱ्यात पाठीवर ओलं पोतं. शिंगाचा तुटका कोंब तिन्हीत तोच. फोटोग्राफरचं कौतुक वाटलं मला. टॅग सक्तीचा झाला तो अशांमुळे. १ जून २०२४ पासून टॅग नाही तर नैसर्गिक आपत्तीची भरपाई नाही, असा नियम आहे. त्रास प्रामाणिक माणसाला होतो हे मान्य. पण नकाशा बघून पैसे दिले असते तर ती म्हैस तीन नाही, तीनशे वेळा मेली असती.

सीनाकाठ

@डॉ_गोठा मोजली साहेब. चौथी मोजली. पैसे दिवाळीनंतर आले, पण आले. खोटं बोलणार नाही.

म्हशीचं खरं आहे. आमच्याकडंबी एक आहे तसला कलाकार.

मिसळ_विथ_पाव

अवांतर: बिबट्याने गाय मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा सत्तर हजार, यातलं जे कमी असेल ते मिळतं. वनखात्याचा २०२२ चा निर्णय. पुरात गेली तर साडेसदतीस.

तेव्हा पुढच्या पुराच्या आधी गोठ्यात एक बिबट्या पाळावा ही नम्र सूचना.

खडूस_सदाशिव

जुन्नरवाल्यांना वेगळा पाळायला नको.

पूर्वीचा_डकोटावासी

वाळूटेकडी, तुमच्या उत्तरेला शेजारीच, साउथ डकोटात, मी २०११ ते २०१५ शिकायला होतो. रॅपिड सिटीत. त्यामुळे तुमचा ‘नुकसान बघून की नकाशा बघून’ हा प्रश्न वाचला आणि मला तिसरीच गोष्ट आठवली: नुकसान आहे, ढीगभर आहे, सगळ्या जगाने बघितलंय, पण बघायला सरकारच जागेवर नाही.

ऑक्टोबर २०१३. तीन तारखेला पाऊस सुरू झाला. गुरं अजून उन्हाळी कुरणांवरच होती, आडोसा काही नाही, आणि थंडीची जाड लव अंगावर यायची होती. आधी पावसाने भिजली, मग त्याच ओल्या अंगावर बर्फ आणि वारा. आमच्या शहरातच जवळजवळ दोन फूट बर्फ पडला, वर डोंगरात दुप्पट. गुरं वाऱ्याकडे पाठ करून चालत सुटतात, ती मैलोनमैल चालत गेली. तारेच्या कुंपणाशी अडकली, ओढ्यांत पडली. वितळायला लागल्यावर मी मित्राच्या गाडीतून पूर्वेला गेलो होतो. रस्त्याकडेच्या चारीत काळ्या गाई एकीला लागून एक, कानात पिवळे टॅग. मित्राच्या काकांनी गाडी थांबवायला लावली, उतरले, एकीच्या पुठ्ठ्यावरचा बर्फ हाताने पुसून डागणी बघितली. त्यांची नव्हती. शेजाऱ्याची होती. त्यांनी खिशातून पेन काढून हातावर नंबर लिहिला आणि गाडीत येऊन बसले. अर्धा तास कोणी बोललं नाही.

हजारो गुरं मेली. सुरुवातीला लाखभर म्हणत होते, नंतर नोंदींवरून आकडा बराच खाली आला.

आणि सरकार? १ ऑक्टोबरपासून वॉशिंग्टनमध्ये बजेटचं भांडण, केंद्राची कार्यालयं बंद. शेतीखात्याच्या स्थानिक ऑफिसला कुलूप. फोन केला तर रेकॉर्डिंग. त्यातून मेलेल्या गुरांच्या भरपाईची योजना २०११ च्या सप्टेंबरअखेर संपलेली, कारण नवा शेती कायदाच झाला नव्हता. म्हणजे ऑफिस उघडं असतं तरी द्यायला काही नव्हतं. लोक नुसते फोटो काढून ठेवत होते, कधीतरी कोणीतरी विचारेल म्हणून. कायदा झाला ७ फेब्रुवारी २०१४ ला, आणि तो मागच्या तारखेने लावला, ऑक्टोबर २०११ पासून. ज्यांनी फोटो आणि पावत्या जपल्या त्यांचं झालं.

त्या मधल्या चार महिन्यांत आजूबाजूच्या राज्यांतल्या लोकांनी गाभण कालवडी दान दिल्या. ट्रक भरभरून. कोणी पंचनामा मागितला नाही.

चहाबाज

रुमाल टाकला होता, आता हलवत नाही. मस्त चाललाय धागा. (मस्त हा शब्द चुकला, पण समजून घ्या.)

शुद्धलेखन_प्रेमी

मुळात या कुरणावर गुरं पाळणाऱ्या ‘रँचर’ला मराठीत काय म्हणायचं? गवळी नव्हे, दूध विकत नाही. गुराखी नव्हे, गुरं स्वतःची असतात. शेतकरी म्हटलं तर त्यांना राग येतो असं ऐकून आहे. पशुपालक फार सरकारी वाटतं.

सीनाकाठ

कर्जदार.

वाळूटेकडी

सीनाकाठ, ते उत्तर इथेही चालेल!

शेतकरी म्हटल्यावर राग येतो हे खरं आहे. ‘शेतकरी नांगरतो, आम्ही गवत राखतो’ असं एकाने मला ऐकवलंय. जमीन नांगरली तर वाळू उडून जाईल, म्हणून टेकड्यांना कोणी हात लावत नाही.

@पूर्वीचा_डकोटावासी, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. फोटो आणि पावत्यांवरून आठवलं. मेलेल्या जनावरांची योजना वेगळी आणि चराईची वेगळी, हे मी नीट लिहिलं नव्हतं. मेलेल्याला पुरावा लागतो. बाजारभावाच्या ७५ टक्के (बिबट्यासारखंच!), आणि दरवर्षी जेवढी मरतातच असं धरलेलं असतं तेवढी वजा करून वरच्यांचे.

पुरावा म्हणून आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त काय येतं माहीत आहे? लाल वही. शर्टाच्या खिशात मावणारी, खताची दुकानं फुकट वाटतात ती. वासरं येण्याच्या हंगामात रँचर ती छातीशी घेऊनच फिरतो. गाईचा नंबर, वासराचा नंबर, नर की मादी, तारीख. मार्च २०१९ च्या हिमवादळाची एक वही मी हाताळली आहे. आम्ही इथे आलो २०२१ ला, पण ऑडिटसाठी जुने कागद निघाले होते. आधीची पानं सुबक. मग १३ मार्चपासून अक्षर बदललं. पेन्सिल, ओल्या कागदावर उमटलेली. एका पानावर अकरा नंबर, प्रत्येकापुढे एकच आडवी रेघ. मध्ये एकापुढे लिहिलं होतं ‘बाथटब’. मालकीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, ते गारठलं होतं, घरात आणून गरम पाण्यात ठेवलं, जगलं. रेघ नाही ना, बघ.

ही वही चालते. वही धरायची की नाही हे कोण ठरवतं? काउंटीची समिती. तीन ते अकरा जण, तिथल्याच शेतकरी-रँचरांनी मतं देऊन निवडलेले. म्हणजे शेजारीच.

खडूस_सदाशिव

म्हणजे पंचच की! तुमच्याकडे पंच आहेत, फक्त नामा नाही.

वाळूटेकडी

:) चराईला नामा नाही, मेलेल्याला आहे.

अहिंसक

सगळं वाचलं. एक कोणी बोलत नाहीये ते मी बोलतो. ही गुरं शेवटी कापायलाच पाळलेली ना? मग बर्फात मेली काय आणि कत्तलखान्यात मेली काय. बाथटबमध्ये वाचवून पुढे काय केलं त्या वासराचं? आणि आपण इथे डोळे पुसतोय.

राजा_माणूस

झालं. आता हा धागा पाचशेपार.

पूर्वीचा_डकोटावासी

@अहिंसक, प्रश्न चुकीचा नाही. मीही तेव्हा शाकाहारीच होतो, काकांनी दोन वर्षं मला बटाटे खाऊ घातले. पण चारीतल्या त्या गाईकडे बघणाऱ्या माणसाला हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. कापायची असते ती वासरं. गाय दहा-दहा वर्षं राहते आणि तिचा नंबर पाठ असतो.

(सदस्याने प्रतिसाद काढून टाकला आहे)

(सदस्याने प्रतिसाद काढून टाकला आहे)

चालक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. कोण काय खातं यावर वेगळा धागा आहे, तिकडे जा. इथे भरपाई.

उलटतपासणी

मूळ प्रश्नाकडे येतो. नकाशा हा वेडेपणा वाटतो, पण त्याच्या आधी काय होतं ते कळलं तर वाटणार नाही.

२००२-०३ मध्ये अमेरिकेत गुरांच्या चाऱ्यासाठी मोठी मदत वाटली. अट इतकीच की काउंटी ‘आपत्तीग्रस्त’ जाहीर झालेली हवी. आपत्ती कुठली, हे विचारायचं नाही. आता आठवा, १ फेब्रुवारी २००३. कल्पना चावला ज्यात होती ते कोलंबिया यान परत येताना फुटलं आणि त्याचे तुकडे पूर्व टेक्ससवर विखुरले. ते शोधायला म्हणून त्या भागाला आपत्तीग्रस्त जाहीर केलं. आणि त्या जाहीरनाम्यावर तिथल्या गुरंवाल्यांना दुष्काळाच्या मदतीचे चेक आले. पाऊस व्यवस्थित, गवत गुडघाभर, आणि चेक हातात. काहींनी स्वतःच सांगितलं की आम्हाला नको होते. २००६ साली वॉशिंग्टन पोस्टने हे सगळं बाहेर काढलं.

त्यानंतर २००८ च्या शेती कायद्यात आताच्या योजना आल्या आणि ‘जाहीर केलेली आपत्ती’ सोडून दुष्काळाचा नकाशा धरला. नकाशा काढणारे लोक पाळीपाळीने बदलतात, त्यात नेब्रास्का विद्यापीठातलं दुष्काळ केंद्र आहे, हवामान खातं आहे, शेती खातं आहे. मंगळवार सकाळपर्यंतची माहिती, गुरुवारी नकाशा. आमदाराच्या फोनवर तालुका दुष्काळी ठरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आपल्याकडे दुष्काळी तालुक्यांच्या यादीत नाव घालायला काय चालतं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्यामुळे वाळूटेकडी, तुमच्या शेजाऱ्याला दोन सरी पडूनही पैसे मिळाले, ही त्या पद्धतीची किंमत आहे. मी ती आनंदाने देईन.

कोपरगावकर

@उलटतपासणी, तुम्ही आनंदाने द्याल, कारण पैसे तुमचे नाहीत.

दर जनावरामागे पैसे म्हणजे ज्याची हजार गुरं त्याला पन्नासवाल्याच्या वीसपट. मदत गरजेला की मालमत्तेला? वाळूटेकडी, वरची मर्यादा काही आहे का?

वाळूटेकडी

आहे. वर्षाला माणशी सव्वा लाख डॉलर. आणि सरासरी उत्पन्न नऊ लाख डॉलरच्या वर असेल तर साधारणपणे काही नाही. पण ‘माणशी’ हा शब्द नीट वाचा. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदार वेगळा मोजतात.

कोपरगावकर

म्हणजे सातबारा फोडायचा! अण्णा, तात्या, वहिनी, आणि बारावीत असलेला पिंट्या. मला उगाच वाटत होतं की हे आपणच शोधून काढलं.

लोकर

मी धनगर समाजातला आहे, शिक्षक आहे, घरी अजून मेंढरं आहेत. डकोटाचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, कारण अगदी तसंच आमच्याकडे झालं. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि मागोमाग गारठा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या पट्ट्यात मेंढ्या बसल्या जागी आखडून मेल्या. भिजलेली लोकर अंगावरच गार झाली की मेंढी उठत नाही. माझ्या चुलत्याच्या एकोणीस गेल्या.

आता चुलता राहणारा एका जिल्ह्यातला, वाडा (मेंढरांचा तळ) बसलेला दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाच्या तरी वावरात. पंचनामा कुठे? मेंढी मेली तिथे. बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, आधार कुठलं? घराकडचं. दोन्ही टोकं जुळवायला चुलत्याला सहा फेऱ्या पडल्या, आणि त्या फेऱ्यांच्या काळात उरलेली मेंढरं राखायची कोणी? चुलतीने आणि नऊ वर्षांच्या पोरीने.

म्हणून मला दोन्ही पटत नाही. नकाशा तरी काय करणार, वाडा आज एका तालुक्यात आणि आठवड्याने दुसऱ्यात. जो हलतो त्याचा रंग कुठला?

डॉ_गोठा

@लोकर, याला माझ्याकडे उत्तर नाही. नोकरीतही नव्हतं. आम्ही शिक्का मारून पाठवायचो आणि पुढे काय झालं ते कळायचं नाही.

मिसळ_विथ_पाव

मग मधला मार्ग. दुष्काळाला नकाशा, पुराला पंचनामा, मेंढीला तिच्या गळ्यात जीपीएस. आणि बिबट्याला आधार कार्ड.

वाळूटेकडी

(चार दिवसांनी आले, माफ करा, टॅक्सचे दिवस आहेत.)

एक सांगायचं राहिलं होतं, आणि सांगायला थोडी लाज वाटतेय. परवा तो शेजारीच आमच्या ऑफिसात आला, २०२२ चे कागद घेऊन. दुष्काळात जास्तीची गुरं विकावी लागली तर त्या विक्रीवरचा कर पुढच्या वर्षांत नेता येतो, त्याचं काहीतरी अडलं होतं. विक्रीची पावती माझ्यासमोर पडली. तारीख मे महिन्याची. चाळीस गाई. पावतीवर एकेका गाईचं वय लिहिलेलं, बऱ्याचशा चार-पाच वर्षांच्या, म्हणजे ऐन भरातल्या.

जुलैत मी खिडकीतून दोन सरी बघितल्या त्या अर्ध्या रिकाम्या कुरणावर पडत होत्या. गवत हिरवं दिसलं, कारण खायला कोणी नव्हतं.

मी काही बोलले नाही. कागद लावले. तो जाताना नेहमीचं म्हणून गेला, सरकारने तारेच्या पलीकडे राहावं.

रात्री बाबांना फोनवर सगळं सांगितलं. नकाशाचं, खिडकीचं, चाळीस गाईंचं. बाबा म्हणाले, "मग तू पंचनाम्यात काय लिहिलं असतंस?" म्हटलं, "चारा मुबलक, नुकसान निरंक." बाबा बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "मीही तसे दोन-चार लिहिले असतील गं."

कोपरगावकर

तरी सातबारा फोडण्याचा मुद्दा तसाच राहतो, हे नोंदवतो.

वाळूटेकडी

राहतो. मान्य.

सीनाकाठ

ताई, त्या बाथटबवाल्या वहीच्या पानाचा फोटो टाकता येईल का? पोराला दाखवायचा आहे. रेतनाच्या पावत्या जपून ठेव म्हणतो तर ऐकत नाही.

वाळूटेकडी

नाही हो, गिऱ्हाईकाची वही आहे. पण कोरी वही पाठवते. आमच्या ऑफिसातही गठ्ठा पडलाय, फुकट वाटायच्या आहेत. पत्ता निरोपात कळवा.

चहाबाज

रुमाल उचलतो, सगळं वाचलं. वाळूटेकडी, एक अगदीच अवांतर विचारू? तिकडे ज्वारी मिळते का? माझी भाची पुढच्या महिन्यात लिंकनला शिकायला जातेय आणि तिची आई भाकरीच्या काळजीत आहे.

वाळूटेकडी

मिळते की. पन्नास पौंडाच्या पोत्यात, गुरांच्या खाद्याच्या दुकानात. भाकरी मी अजून करून बघितलेली नाही.